‘अर्ली’ म्हणजे किती लवकर?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मुलें इंग्रजी शिकत आहेत. त्या भाषेंत ‘लवकर’ ह्या अर्थाचे अनेक प्रयोग असून, एकाच्या जागीं दुसरा घातल्यास अर्थ बिघडतो. त्यांतील नेहमींच्या प्रयोगांचा येथें विचार करूं.

‘अर्ली’ ह्या शब्दाचे मुख्य अर्थ दोन. ठरलेल्या वेळेच्या अगोदर, हा एक. व एखाद्या काळाचा आरंभीचा भाग, हा दुसरा. मोहाचीं फुलें ‘अर्ली’ आलीं, म्हणजे हंगामाच्या अगोदर आलीं. परंतु ‘अर्ली एप्रिल’ म्हणजे एप्रिलच्या पूर्वीं नव्हे, तर एप्रिलच्या पहिल्या दिवसांत.

‘ऑन टाइम’ व ‘इन टाइम’ ह्यांत मुलें फार चुकतात. गोंदियाकडे जाणारी आगगाडी नागभीड स्थानकावरून नेमल्या वेळीं सुटली, तर ती ‘ऑन टाइम’. ती सुटण्यापूर्वीं आपण पोहोंचलों, तर आपण ‘इन टाइम’. आणि तिकीट काढून निवांत बसण्यापुरता वेळ उरला, तर ‘इन गुड टाइम’.

‘ॲट द क्रॅक ऑफ डॉन’ म्हणजे तांबडें फुटतांच. ‘जंप द गन’ म्हणजे शर्यतींत इशाऱ्याचा बार होण्यापूर्वींच धावूं लागणें. त्यावरून, कोणत्याहि कामांत उतावळेपणा करणें.

आतां एक म्हण पाहूं. ‘द अर्ली बर्ड कॅचेस द वर्म’, म्हणजे जो पक्षी आधीं निघतो त्याला किडा मिळतो. ही म्हण सतराव्या शतकापासून इंग्रजी म्हणसंग्रहांत आढळते. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील रानाकांठच्या माणसांस तिचा अर्थ सांगावयास नको. मार्च-एप्रिलांत मोहाचीं फुलें रात्रीपासून सकाळपर्यंत गळतात. जो उशिरां जातो, त्याच्या वांट्याचीं फुलें गुरें व हरणें खाऊन गेलेलीं असतात.

परंतु ह्या म्हणीची मर्यादाहि येथेंच कळते. वाघ व अस्वल ह्यांचा वावर पहाटेच्या अंधारांत असतो, आणि खालीं वांकून वेचणाऱ्यास जवळ आलेलें जनावर दिसत नाहीं. मोह वेचण्यास गेलेलीं माणसें वाघाच्या हल्ल्यांत दगावल्याच्या घटना ह्या जिल्ह्यांत घडल्या आहेत. म्हणून अंधारांत व एकट्यानें रानांत जाऊं नये, असें वनविभाग वारंवार बजावितो. म्हणींतला किडाहि पहाटेंच बाहेर पडला होता, हें विसरूं नये.

तेव्हां सर्वांच्या आधीं जाणें व योग्य वेळीं जाणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि इंग्रजींत त्यांस शब्दहि भिन्न आहेत. अंधारांत एकट्यानें निघणें हें ‘टू अर्ली’, म्हणजे अवेळीं. उजाडल्यावर सोबतीनें, परंतु गुरें रानांत शिरण्यापूर्वीं पोहोंचणें, हें ‘इन गुड टाइम’. हा भेद मुलांकडून पाठ करवून घ्यावा, व वडील माणसांनीं तो आचरणांत आणावा.