ओढ्याकाठचे वाळुंज-शेरणीचे झुडपी बन

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या गावांचे जीवन ओढ्यांशी निगडित असते. पिण्याचे पाणी, भातखाचरांची ओल, गुराढोरांचे पाणवठे यांपैकी कितीतरी गोष्टी या लहान प्रवाहांवर अवलंबून असतात. उन्हाळ्यात या ओढ्यांच्या सफाईची व खोलीकरणाची कामे निघतात. साठलेला गाळ काढणे अनेक ठिकाणी आवश्यक असते. परंतु गाळाबरोबर काठावरची झुडपेही निरुपयोगी समजून उपटली जातात. ही झुडपे कोणती, ती नेमकी तेथेच का वाढतात आणि ती नाहीशी झाल्याने गावाचे काय नुकसान होते, याचा परिचय ओढ्याची कामे मंजूर करणाऱ्यांना व करून घेणाऱ्यांना असणे अगत्याचे आहे.

तीन पट्ट्यांची रचना

घाटमाथ्यावर वर्षभराच्या पावसातील फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे पायथ्याच्या ओढ्यांना पावसाळ्यात लोंढे येतात, तर उन्हाळ्यात तेथे डोह आणि ओलसर गोटे तेवढे उरतात. या दोन्ही टोकांना तोंड देऊ शकतील अशाच वनस्पती येथे टिकतात. पाण्यापासून काठाच्या माथ्याकडे जाताना त्यांचे साधारणपणे तीन पट्टे आढळतात.

पहिला पट्टा प्रत्यक्ष पात्रातला होय. खडकांच्या फटींत आणि गोट्यांमध्ये शेरणीची झुडपे उभी असतात. तिचे शास्त्रीय नाव होमोनोइया रायपेरिया. हिची पाने अरुंद व लांबट, खोड चिवट आणि लवचिक असते. पुराचे पाणी डोक्यावरून गेले तरी ती वाकते आणि पाणी ओसरताच पुन्हा उभी राहते. पानांच्या आकारामुळे ती वाळुंजासारखी दिसते. तथापि तिचे कूळ एरंडाचे आहे.

दुसरा पट्टा काठाच्या ओल्या गाळाचा. येथील प्रमुख वनस्पती म्हणजे वाळुंज. हिमालयात आणि समशीतोष्ण देशांत विपुल आढळणाऱ्या विलो कुळातील हा आपला स्थानिक प्रतिनिधी असून त्याचे शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा असे आहे. मोकळी वाढ मिळाल्यास त्याचा मध्यम उंचीचा वृक्ष होतो. पुराने मोडल्यास किंवा वारंवार तोडल्यास बुंध्यापासून अनेक फुटवे येऊन त्याचे दाट झुडूप बनते. त्याच्या सोबतीला लव्हाळा आणि वाळा असतो.

तिसरा पट्टा काठाच्या माथ्याचा. तेथे निर्गुडीची झुडपे आणि त्यांच्यामागे करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन हे वृक्ष असतात.

पाणी आणि झुडूप यांचे नाते

या तिन्ही पट्ट्यांचे कार्य परस्परपूरक आहे. लोंढा शेरणीच्या आणि वाळुंजाच्या फांद्यांतून जाताना काठालगतचा त्याचा वेग मंदावतो. वेग मंदावला की पाण्याबरोबर आलेली माती फांद्यांच्या आडोशाला बसते. त्या मातीवर गवत रुजते आणि पुढे करंज-जांभळासारख्या वृक्षांच्या रोपांना तेथे आधार मिळतो. वाळुंजाच्या तंतुमय मुळ्यांचे जाळे काठ आतून बांधून धरते. संत तुकारामांनी नम्रतेचा महिमा सांगताना लव्हाळ्याचा दाखला दिला, तो अशाच निरीक्षणावर आधारलेला आहे.

झुडपांच्या सावलीने उन्हाळ्यात डोहांचे पाणी थंड राहते. गळून पडलेला पाला पाण्यातील कीटकांचे अन्न होतो आणि त्या कीटकांवर मासे जगतात. हिवाळ्यात धोबी पक्षी काठाच्या गोट्यांवर कीटक टिपताना दिसतो. खंड्या पाण्यावर झुकलेल्या फांदीवर बसून माशांचा वेध घेतो.

माणसालाही या झाडांचा उपयोग आहे. वाळुंजाच्या लवचिक फांद्या टोपल्या विणण्यास उपयोगी पडतात. विलो कुळातील झाडांच्या सालीत सॅलिसिन हे द्रव्य असते. त्याच्या अभ्यासातूनच पुढे सॅलिसिलिक आम्ल आणि १८९७ साली जर्मनीत ॲस्पिरिन हे औषध तयार झाले.

एकदा गेले की परतणे कठीण

वाळुंजाच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, त्याचे बी अतिशय हलके व रेशमी तंतूंचे असते. ते वाऱ्याने आणि पाण्याने दूर जाते, परंतु त्याची रुजण्याची शक्ती फार थोडे दिवस टिकते. एवढ्या अवधीत त्याला उघडा, ओलसर गाळ मिळाला तरच ते उगवते. काठ उभा कापला किंवा काँक्रीटने बांधून काढला तर अशी जागा उरत नाही.

दुसरी गोष्ट, वाळुंजाची नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. शेरणीचेही तसेच आहे. एखाद्या ओढ्यावर केवळ नर झाडे शिल्लक राहिली, तर झाडे दिसत असूनही तेथे बी धरणार नाही.

मोकळ्या झालेल्या काठावर घाणेरी, रानमोडी, बेशरम या बाहेरून आलेल्या वनस्पती लवकर पसरतात. पाऊस सुरू झाला की उघडा, उभा कापलेला काठ ढासळू लागतो. लगतच्या शेताची माती ओढ्यात येते आणि ज्या गाळासाठी खर्च केला, तोच गाळ खालच्या बंधाऱ्यात पुन्हा साठतो. शेतकऱ्याची जमीन जाते आणि गाळ काढण्याचा खर्च गावाला पुन्हा करावा लागतो.

कामाच्या वेळी घ्यावयाची दक्षता

याचा अर्थ ओढ्यात कोणतेच काम करू नये असा नाही. पूल आणि मोऱ्या यांच्या तोंडाशी अडकलेला झाडोरा काढलाच पाहिजे. मात्र काम सुरू करण्यापूर्वी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. खोदयंत्र आणण्याआधी काठाची पायी पाहणी करावी. वाळुंज, शेरणी व निर्गुडी यांच्या जागांवर खुणा कराव्यात. घाणेरी व बेशरम काढावयास हरकत नाही.

२. गाळ काढावयाचा झाल्यास तो पात्राच्या मध्यभागातून काढावा. काठाचा उतार कायम ठेवावा आणि काढलेली माती झुडपांवर टाकू नये.

३. जेथे काठ उघडा पडला आहे तेथे वाळुंजाची छाट कलमे लावावीत. अंगठ्याएवढ्या जाडीची, हातभर लांबीची फांदी घेऊन तिचा निम्म्याहून अधिक भाग ओल्या मातीत खोचावा. पुराचा जोर ओसरल्यावर, काठात ओल असतानाच ही लागवड करावी, म्हणजे पुढील पावसाळ्यापूर्वी मुळे धरतात. सर्व फांद्या एकाच झाडाच्या घेतल्यास सर्व रोपे एकाच लिंगाची होतील. म्हणून त्या नर आणि मादी अशा अनेक झाडांवरून घ्याव्यात.

४. नवी लागवड मूळ धरीपर्यंत तेथे गुरांना चरू देऊ नये. पाणवठ्याची वाट एका ठिकाणी राखून ठेवावी.

शाळा आणि ग्रामपंचायत

शिक्षकांना या विषयात परिसर अभ्यासाचा उत्तम पाठ मिळेल. शाळेजवळच्या ओढ्याचा दहा मीटरचा सुरक्षित भाग निवडून विद्यार्थ्यांकडून तिन्ही पट्ट्यांतील वनस्पतींची यादी करून घ्यावी. हीच पाहणी पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात आणि पूर ओसरल्यावर ऑक्टोबरात करावी. काठ कोठे टिकला आणि कोठे तुटला, हे मुलांना दोन नोंदींच्या तुलनेतून आपोआप समजेल.

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे प्रमुख कार्य आहे. या नोंदवहीत देवराई आणि मोठ्या वृक्षांबरोबर ओढ्याकाठच्या झुडपी बनाचीही नोंद व्हावी. गटक्रमांक, झाडांची अंदाजे संख्या आणि नर-मादी झाडांच्या जागा लिहून ठेवल्यास पुढील कोणत्याही कामाच्या आराखड्यात ती माहिती उपयोगी पडेल.

ओढ्याचा काठ राखण्याचे काम ही झुडपे कोणतेही वेतन न घेता करीत आहेत. खोलीकरणाचा ठराव ग्रामसभेपुढे येईल तेव्हा काठावर काय उभे आहे, हा प्रश्न सभासदांनी आवर्जून विचारावा आणि त्याचे उत्तर ठरावात नोंदवून घ्यावे.