अवस, कर आणि मृग
(शास्त्रपाठ : गलती. ४:८-११)

पोळा अवसेला येतो. पांढुर्णा-सौंसरकडे त्या दिवशी बैल सजतात आणि अवसेची भीती कोणाला आठवत नाही. एरवी मात्र अवसेला लोक गावाला निघत नाहीत. दुसरा दिवस पोळ्याची कर, ती तर अशुभच. करीला जाम नदीवर पांढुर्णा व सावरगाव यांच्यात गोटमार होते, दरवर्षी माणसे जखमी होतात. डोकी दिवसाने फुटतात की दगडाने, हे वर्गात मुलांना विचारावे.

आपणही लग्नाची तारीख ठरवताना हळूच पंचांग विचारतोच. आयर्लंडचे ख्रिस्ती शेतकरीही १ मे रोजी दूध वा विस्तव घराबाहेर देत नसत. बाप्तिस्म्याने भीती आपोआप जात नाही. दिवस पाळणाऱ्या गलतीकरांविषयी पौलाला काळजी वाटली ती यामुळेच.

मृगाची गोष्ट निराळी. ७ जूनच्या सुमारास सूर्य मृगात येतो, पेरणीची वेळ होते, संत्र्याचा मृग बहारही पावसावरच धरतो. हे ऋतू ओळखणे झाले. उत्पत्ति १:१४ मध्ये ज्योतींचे तेच काम सांगितले आहे. उपदेशक ११:४ मधला मनुष्य मात्र वारा पाहत बसतो आणि त्याची पेरणी राहून जाते.

पुढल्या रविवारी मुलांनी घरी टाळले जाणारे दिवस लिहून आणावेत, आणि शिक्षकांनी आपलेही.