घटक ५ : शब्द, विश्वास आणि संप्रेरके – मानसोपचारातील नात्याचा भाषिक विचार

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण संवादाची अंगे पाहिली : वक्ता, श्रोता, संदर्भ आणि माध्यम. या घटकात एका विशिष्ट संवादाचा विचार करावयाचा आहे. मानसोपचाराच्या खोलीत दोन माणसे समोरासमोर बसतात, ठरावीक वेळ बोलतात आणि उठतात. गोळी नाही, सुई नाही. तरीही काही आठवड्यांत अनेकांची भीती ओसरते, झोप परत येते. हे बोलण्याने घडते, की बोलणाऱ्या दोघांत जुळलेल्या नात्याने? आणि त्या नात्याला शरीरात काही आधार आहे काय? भाषेच्या अभ्यासक्रमात संप्रेरके कशासाठी, अशी शंका तुमच्या मनात येईल. ती रास्त आहे. तिचे उत्तर शोधताना आपण एका घरगुती शब्दापासून आरंभ करू.

५.२ 'पान्हा' या शब्दाची साक्ष

वासरू जवळ येताच गाय पान्हावते. रोजच्या धार काढणाऱ्याची चाहूल लागली, बादली वाजली, तरीही पुष्कळदा पान्हा सुटतो. उलट अनोळखी हात लागला किंवा गोठ्यात गडबड झाली की तीच गाय पान्हा चोरते. कासेत दूध असते, पण उतरत नाही. ज्यांचे बालपण गोठ्याजवळ गेले आहे त्यांना हे नव्याने सांगावयास नको. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हाच शब्द मराठी माणूस मायेसाठीही योजतो. मायेलाही पान्हा फुटतो.

या शब्दामागचे शरीरकार्य विसाव्या शतकात उलगडले. पोष ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये दाखविले. त्यातील क्रियाशील द्रव्याला पुढे 'ऑक्सिटोसिन' हे नाव मिळाले. ग्रीक व्युत्पत्तीनुसार त्याचा अर्थ 'शीघ्र प्रसूती'. हे संप्रेरक म्हणजे अवघ्या नऊ अमिनो आम्लांची साखळी. ते मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये तयार होते आणि पोष ग्रंथीच्या मागील भागातून रक्तात सोडले जाते. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत घडविले आणि १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दूध उतरते ते याच संप्रेरकामुळे आणि भयाच्या क्षणी त्याच्या कार्यात अडथळा येतो. गाय पान्हा चोरते ती अशी.

येथे एक सावधगिरी बाळगा. शब्द हा निरीक्षणाची साक्ष देतो, कारणाची नव्हे. आपल्या पूर्वजांना संप्रेरके ठाऊक होती, असा निष्कर्ष 'पान्हा' या शब्दावरून काढणे म्हणजे भाषाशास्त्राचा गैरवापर होय. असे निष्कर्ष परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून दरवर्षी वाचावे लागतात, म्हणून हे सांगणे.

५.३ बोलण्याचा उपचार

बोलण्याच्या उपचाराला त्याचे नाव एका रुग्णाने दिले. व्हिएन्नामधील एका तरुणीवर योसेफ ब्रॉयर यांनी १८८० ते १८८२ या काळात उपचार केले; 'अ‍ॅना ओ.' या टोपणनावाने तिची हकीकत ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांच्या १८९५ च्या ग्रंथात आली. आजारात तिची मातृभाषा जर्मन तिला सोडून गेली होती आणि काही काळ ती केवळ इंग्रजीत बोलत असे. 'टॉकिंग क्यूर' हा शब्दप्रयोग तिचाच, आणि म्हणूनच मूळ जर्मन ग्रंथात तो इंग्रजीतच छापलेला आहे. गमतीने ती या उपचाराला धुराडे झाडणेही म्हणत असे. आपण 'मन मोकळे करणे' म्हणतो. तिच्या प्रतिमेत काजळी आहे, आपल्या प्रतिमेत कोंडलेली जागा.

रुग्णाच्या मनात उपचारकाविषयी ओढ, राग, कधी प्रेमही उत्पन्न होते. यासाठी फ्रॉइडने 'युबरट्रागुंग' हा जर्मन शब्द वापरला. त्याचा एक अर्थ स्थलांतर, दुसरा भाषांतर. आईवडिलांशी असलेल्या जुन्या नात्याचे रुग्ण जणू नव्या व्यक्तीच्या भाषेत भाषांतर करतो. मराठीत यासाठी 'भावसंक्रमण' हा शब्द योजता येतो, पण त्यात भाषांतराची छटा हरवते आणि साथीच्या रोगाची सावली मात्र येते. याहून चांगला प्रतिशब्द तुम्हांला सुचल्यास तो जरूर वापरून पाहा.

पुढे एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये या नात्याची तीन अंगे सांगितली : ध्येयाविषयी एकमत, कामाविषयी एकमत आणि परस्परांतील बंध. २०१८ मध्ये २९५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत ३०,००० हून अधिक रुग्णांचा समावेश होता. नाते जितके दृढ, तितका उपचाराचा परिणाम चांगला, असा सहसंबंध त्यात आढळला. त्याचे मूल्य सुमारे ०.२८ आहे, म्हणजे रुग्णारुग्णांतील फरकापैकी जेमतेम आठ टक्के भागाशी नात्याचा संबंध जोडता येतो. आकडा लहान आहे. परंतु उपचाराची पद्धती कोणतीही असो, तो टिकून राहतो.

५.४ आवाज, अक्षरे आणि ऑक्सिटोसिन

आता भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे असा प्रयोग. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात सात ते बारा वर्षांच्या मुलींना परक्या माणसांसमोर बोलावयास आणि गणिते सोडवावयास लावून ताण दिला गेला. नंतर काहींना आई प्रत्यक्ष भेटली, काहींशी ती फोनवर बोलली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, केवळ आवाज ऐकलेल्या मुलींच्या शरीरातही ऑक्सिटोसिन जवळपास कुशीत घेतलेल्या मुलींइतकेच वाढले आणि ताणाशी निगडित कॉर्टिसॉल उतरले. २०१२ च्या पुढील अभ्यासात काही मुलींनी आईशी संगणकावर लेखी संदेशांतून संवाद साधला. त्यांच्यात ऑक्सिटोसिन वाढले नाही. कॉर्टिसॉल आई मुळीच न भेटलेल्या मुलींइतके चढेच राहिले. आई तीच होती, धीरही तिनेच दिला होता. अक्षरांत नव्हता तो स्वर, लय, मध्येच घेतलेला श्वास. लेखन ही बोलण्याची पडछाया आहे, असे आपण दुसऱ्या घटकात म्हटले होते; येथे त्याचे मोजमाप दिसते. अर्थात आई आणि उपचारक एक नव्हेत, हे विसरून चालणार नाही.

उपचारकाच्या खोलीतील पुरावा बराच गुंतागुंतीचा आहे. नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा घेतलेली माणसे पैशांच्या खेळात परक्यावर अधिक विश्वास टाकतात, असे झुरिकच्या २००५ मधील प्रयोगाने सांगितले आणि वृत्तपत्रांनी 'विश्वासाचे संप्रेरक' हे बिरुद बहाल केले. २०२० मध्ये अधिक मोठ्या संख्येवर केलेल्या पुनर्प्रयोगात तो परिणाम आढळला नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात नैराश्यग्रस्त पुरुषांना उपचाराच्या बैठकीपूर्वी हा फवारा दिला, तेव्हा बैठक पुढे सरकत गेली तशी त्यांची अस्वस्थता उलट वाढली. शिवाय लाळेत किंवा रक्तात मोजलेले ऑक्सिटोसिन मेंदूत काय चालले आहे ते नेमके सांगतेच असे नाही. तेव्हा फवाऱ्याने नाते जुळेल ही आशा तूर्त बाजूला ठेवावी, असे माझे मत आहे.

५.५ मराठी संवादातील बंध

आपल्याकडे हे नाते पहिल्याच वाक्यात सर्वनामापाशी येऊन थांबते. उपचारकाने रुग्णाला 'तू' म्हणावे, 'तुम्ही' की 'आपण'? तरुण मुलीला 'तू' म्हटल्याने तिला जवळीक वाटेल किंवा आपल्याला लहान लेखले असे वाटेल. रुग्ण समुपदेशिकेला 'मॅडम' म्हणता म्हणता एखाद्या दिवशी 'ताई' म्हणून जातो. संबोधनातील हा बदल बंध घट्ट होत असल्याची खूण असतो. तो ऐकणे आणि तरीही उपचारक म्हणूनच राहणे, ही कठीण जबाबदारी आहे. रुग्णाचा जीव लागला तर दोष त्याचा नव्हे. त्या ओढीचा स्वतःसाठी वापर न करणे हे सर्वस्वी उपचारकाचे कर्तव्य होय. आपल्या परिचयातील कोणी या अवस्थेत लाजून उपचार सोडण्याच्या विचारात असेल, तर ती ओढ खोलीतच बोलून दाखविता येते आणि बोलावी, एवढे त्याला सांगा.

ज्यांना अशी खोली परवडत नाही वा जवळ नाही, त्यांच्यासाठी केंद्र शासनाची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे. तेथे मराठीत बोलता येते. दोन अनोळखी माणसांमध्ये तेथे आरंभी असतो तो फक्त आवाज.

स्वाध्याय

(अ) पुढील दोन वाक्यांतील क्रियापदांची रूपे तपासा आणि कोणते विधान पुराव्याशी अधिक प्रामाणिक आहे ते सकारण लिहा : 'ऑक्सिटोसिनमुळे विश्वास निर्माण होतो.' 'ऑक्सिटोसिन घेतलेल्यांनी एका प्रयोगात अधिक विश्वास दाखविला. पुढील मोठ्या प्रयोगात तसे आढळले नाही.'

(आ) तुमच्या बोलीत 'पान्हा', 'पाझर', 'ओलावा', 'जीव लागणे' यांचे कोणते उपयोग आढळतात? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा वाक्ये त्यांच्याच उच्चारात नोंदवा. नोंदवताना वाक्य कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणाले तेही लिहा.