पोट काळं, पण सुरय कोणता?

प्रश्न : एप्रिलमध्ये वडगाव धरणावर काळसर पोटाचा सुरय दिसला. हा दुर्मीळ काळ्या पोटाचा सुरय असेल का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नुसत्या पोटावरून ठरवू नका. उन्हाळ्यात कल्लेदार सुरयाचंही पोट गडद राखाडी होतं आणि दुरून काळंच वाटतं. आधी शेपटी बघा. कल्लेदाराची जवळजवळ सरळ कापलेली, किंचित खाचेची. काळ्या पोटाच्याची लांब आणि खोल दुभंगलेली. मग चोच : कल्लेदाराची गडद लाल, दुसऱ्याची नारिंगी. कल्लेदार पाण्यात सूर क्वचितच मारतो, उडता उडता पृष्ठभागावरचं भक्ष्य टिपतो.

खरी पंचाईत हिवाळ्यात. तेव्हा काळ्या पोटाच्याचं पोट पांढुरकं होतं आणि तो नदी सुरयासारखा दिसतो. तिथे अंगलट उपयोगी पडते. नदी सुरय थोराड, पिवळ्या जाड चोचीचा. हा त्याहून लहान, सडपातळ, बारीक नारिंगी चोचीचा.

काळ्या पोटाचा सुरय जगभर झपाट्याने घटतो आहे, म्हणून तुमची नोंद मोलाची. उघडी शेपटी आणि चोच दिसेल असा फोटो ई-बर्डवर जरूर टाका. मात्र वाळूच्या बेटावर पक्षी बसलेले असतील तर होडी तिकडे नेऊ नका. मार्च ते मे त्यांची अंडी उघड्या वाळूतच असतात.