मागची पडवी

कल्याणच्या पारनाक्यावर, दूधनाक्यावर किंवा ठाण्याच्या महागिरीत जुनी कौलारू घरे आता थोडीच उरली आहेत. तुमच्यापैकी कोणी अशा घरात राहत असेल, तर त्याच्या घरामागे बहुधा पडवी असेल. पडवी म्हणजे घराच्या भिंतीला लागून, उतरत्या छपराखाली असलेली उघडी जागा. उर्दूत आपण तिला बरामदा किंवा दालान म्हणतो. दालान हा शब्द मराठीतही आला, पण येताना तो 'दालन' झाला आणि त्याचा अर्थ मोठी खोली असा झाला.

पुढची ओटी पाहुण्यांची, मागची पडवी घरच्यांची. तांदूळ निवडणे, मासळी साफ करणे, पापड वाळवणे ही कामे तिथेच होतात. दुपारी घर तापले की दादी तिथेच पाठ टेकते. रस्त्यावरची नजर तिथे पोहोचत नाही. त्यामुळे घरातील स्त्रियांना निवांतपणे मोकळी हवा मिळते ती याच जागी.

आपण मात्र या जागेचे काय करतो? मोडकी खुर्ची, रिकामे डबे, गंजलेली सायकल, सारे तिथे टाकतो. मग चोरीच्या भीतीने जाळी बसते, जाळीवर पत्रा येतो आणि आतले स्वयंपाकघर अंधारते. घरात माणसे वाढली की पडवी बंद करून खोली काढावी लागते, हेही खरे आहे. त्याला मी नावे ठेवणार नाही. पण दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. तीन खणांची पडवी असेल तर एक खण तरी उघडा ठेवावा. दादीची बाज मग कुठे जाणार, याचा विचार आधी करावा.

पडवीत सामान थोडे आणि हलके असावे. ठाणे जिल्ह्यात जून ते सप्टेंबर या काळात २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वारा नैऋत्येचा असतो, म्हणून पश्चिमेकडच्या पडवीत पाऊस तिरपा आत येतो. पूर्वी लोक त्या बाजूला माडाची झापे बांधत. आता ताडपत्री बांधतात. नवारीची खाट दमट हवेत लवकर कुबट होते, काथ्याची बाज टिकते. लाकडी पायांखाली कौलाचे तुकडे ठेवले तर लाकूड ओल धरत नाही. बाकी एक सतरंजी आणि पाण्याची सुरई पुरे.

झोपाळा सर्वांनाच हवा असतो! तो टांगण्यापूर्वी तुळई ठोकून पाहा. आवाज पोकळ आला तर आत वाळवी असू शकते. सुताराला विचारल्याशिवाय कडी लावू नका. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी जाहीर करतात. घर त्या यादीत असेल, तर झोपाळा राहू द्या, त्या पडवीत बसूही नका.

कौलांवरून गळणाऱ्या पाण्याच्या धारांना पागोळ्या म्हणतात. त्यांच्याखाली पिंप ठेवले, तर फरशी धुण्यापुरते पाणी सहज मिळते. मात्र ते पिंप झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडे करा, कारण डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतात.