लेक गेम बनवायला शिकायचं म्हणते तेव्हा

आईबाबांनो, 'मला गेम डेव्हलपमेंट शिकायचंय' असं लेक म्हणाली की तुमच्या पोटात गोळा येतो, हे मला ठाऊक आहे. त्यात २०२५ मध्ये केंद्र सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आणली. 'बघा, सरकारनेच बंद केलंय सगळं,' असं एखादा मामा सांगून जातो. पण बंदी आली ती पैशांच्या खेळांवर. तिला शिकायचंय ते फार वेगळं आहे.

पडद्यावरचं पात्र उडी मारतं ना, ती उडी कुणीतरी गणिताने बसवलेली असते. वेग, गुरुत्वाकर्षण, सदिश, सगळं अकरावी-बारावीच्या पुस्तकातलंच. ते युनिटी या गेम इंजिनात सी-शार्प भाषेत किंवा अनरियल इंजिनात सी-प्लस-प्लसमध्ये लिहावं लागतं. शिवाय चित्रं, हालचाल, आवाज, गोष्ट, आणि तोच टप्पा पुन्हा पुन्हा खेळून चुका हुडकणारे टेस्टर. पुण्यात युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आहे. २०२० मध्ये आलेला 'राजी' हा गेम पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सच्या छोट्या चमूने केला. धाकट्या भावाला सोडवायला निघालेली मुलगी त्याची नायिका आहे. त्याची झलक घरात सगळ्यांनी मिळून पाहा.

दुसरी बाजूही लपवत नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभरच्या गेम कंपन्यांनी हजारो माणसं कमी केली. नवख्याला पहिली नोकरी मिळणं सोपं नाही. म्हणून मला मनापासून वाटतं, पदवी अशी घ्यावी जिच्यावर दुसरीकडेही काम मिळेल. कोडिंग आवडत असेल तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग किंवा बीसीए, डिझाइनकडे ओढ असेल तर यूसीड ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईचं बी.डेस. नुसत्या गेमिंगच्या कोर्ससाठी लाखोंची फी भरायची वेळ आली, तर आधी तिथे जा आणि गेल्या वर्षीच्या मुलांनी केलेले गेम दाखवा म्हणा. शिकवणाऱ्यांपैकी कुणी स्वतः एखादा गेम बाजारात आणलाय का, तेही विचारा. उत्तर देताना चाचरले तर कर्जाच्या अर्जावर सही करू नका.

पदवीइतकंच, माझ्या मते थोडं जास्तच, महत्त्व पोर्टफोलिओला आहे. भलंमोठं जग उभारायच्या नादात मुलांचं वर्ष निघून जातं आणि हाती अर्धवट तुकडे उरतात. त्यापेक्षा दोन मिनिटांत संपणारे, पण खरोखर पूर्ण झालेले तीन गेम मुलाखतीत कामाला येतात. गोडो हे गेम इंजिन आणि ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. साधा टूडी गेम घरच्या संगणकावरही होतो, त्यामुळे पहिल्याच वर्षी लाखाचा लॅपटॉप घ्यायची गरज नाही. जानेवारीत ग्लोबल गेम जॅम असतो, तिथे अनोळखी मुलांबरोबर गट करून थोडक्या वेळात एक गेम उभा करायचा असतो. जायचं म्हणाली तर पाठवा. रात्र जागेल, जागू दे.

आणि तिने गेम केला की तो तुम्ही खेळा. तुम्हाला गेमची सवय नाही, म्हणूनच तुम्ही तिचे सगळ्यात कामाचे परीक्षक. कुठलं बटण दाबायचं, हे तिला सांगू देऊ नका. तिने शेजारी गप्प बसून तुम्ही कुठे अडता ते टिपून घ्यायचं. स्टुडिओतही असंच करतात. कंटाळा आला तर तसं स्पष्ट सांगा, आणि नेमका कुठे आला तेही.