‘लीला’ला प्रत्यय का लागत नाही?

भाची : मावशी, जर्मनमध्ये ‘लाल झगा’ म्हणताना ‘आइन रोटेस क्लाइट’ म्हणायचं. म्हणजे ‘रोट’ला ‘एस’ लागला. जांभळ्यासाठी ‘लीला’ घेतला, तर पुस्तकात नुसतंच ‘आइन लीला क्लाइट’. इथला प्रत्यय कुठे गेला?

मावशी : तो लागलाच नाही. जर्मनमध्ये विशेषण नामाच्या आधी आलं, की लिंग, वचन, विभक्ती पाहून त्याला प्रत्यय लागतो. ‘लीला’ मात्र चारही विभक्तींत जसंच्या तसं राहतं. ‘रोझा’चं, म्हणजे गुलाबीचंही तेच.

भाची : परके शब्द म्हणून?

मावशी : सगळे तसंच सांगतात, पण मला ते पुरेसं वाटत नाही. ‘व्हिओलेट’ही फ्रेंचमधूनच आला आणि त्याला खुशाल प्रत्यय लागतो : ‘आइन व्हिओलेटेस क्लाइट’. खरी गोम शेवटच्या ध्वनीत आहे. हे प्रत्यय स्वराने सुरू होतात, व्यंजनाला सहज चिकटतात. ‘लीला’च्या शेवटी ठसठशीत ‘आ’ आहे. ‘लीला-एस’ म्हणून बघ.

भाची : जीभ अडखळते खरी. पण मी लोकांच्या तोंडी ‘लीलानेस’ ऐकलंय.

मावशी : बोलताना सर्रास म्हणतात. दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मध्ये ‘न’ घेतात, मग प्रत्यय सुखाने बसतो. प्रमाण लेखनात मात्र तो चालत नाही. प्रत्यय हवाच असेल, तर ‘लीलाफार्बेनेस’, म्हणजे ‘लीला रंगाचं’ असं जोडून लिहितात. चॉकलेटच्या जाहिरातीतली प्रसिद्ध जांभळी गाय आठव, तीसुद्धा ‘डी लीला कू’च.

भाची : मराठीत तर उलटंच आहे!

मावशी : हो, आपल्याकडे आकारान्त विशेषण हलतं. ‘ताजा’ फारसीतून आला, तरी आपण ताजी भाजी, ताजं दूध, ताज्या भाकऱ्या म्हणतो. ‘लाल’ही तिकडूनच आला, पण व्यंजनान्त, म्हणून लाल साडी आणि लाल कापड. ‘जादा’ आकारान्त असूनही हलत नाही : जादा गाडी, जादा पैसे. तेव्हा नुसत्या शेवटच्या अक्षरावर सगळं ठरतं असंही नाही.

भाची : ‘लीला’ मूळचा कुठला?

मावशी : आपल्याच ‘नील’चा नातलग. संस्कृत ‘नील’वरून फारसीत ‘नील’, त्यावरून निळसर या अर्थी ‘नीलक’, त्याचंच ‘लीलक’. अरबीतून तो युरोपात पोहोचला आणि फ्रेंचांनी एका सुगंधी फुलांच्या झुडपाला ‘लिला’ म्हटलं. झुडपावरून रंगाचं नाव पडलं आणि तेच जर्मनांनी घेतलं.

भाची : मग त्या झुडपालाही जर्मन लोक ‘लीला’ म्हणतात?

मावशी : नाही, झुडूप ‘फ्लीडर’. जर्मनमध्ये ‘लीला’ निव्वळ रंग उरला, म्हणूनच त्याचा अर्थही पसरला. फिकट फुलांपासून गडद जांभळ्यापर्यंत काहीही ‘लीला’ होऊ शकतं. इंग्रजीत ‘लायलॅक’ झुडूपही आणि रंगही, त्यामुळे तिथे तो फिकाच राहिला. शिवाय इंग्रजीत विशेषणांचे असले प्रत्यय शतकांपूर्वीच गळाले, तेव्हा तिथे हा प्रश्नच उरत नाही. डचांनीही फिकट छटेलाच ‘लीला’ ठेवलं, गडद रंगाला त्यांचा ‘पार्स’ आहे.

भाची : आणि स्वीडिश?

मावशी : तिथे ‘लीला’ म्हणजे सरसकट जांभळा. पिवळी मोटार ‘गूल’, पिवळं घर ‘गूल्ट’, अनेक असली तर ‘गूला’. ‘लीला’ तिन्हीकडे ‘लीला’च. आणि जर्मनपेक्षा एक पाऊल पुढे बघ. जर्मनमध्ये ‘झगा लाल आहे’ अशा वाक्यात ‘रोट’लाही प्रत्यय लागत नाही, त्यामुळे तिथे ‘लीला’ वेगळं दिसत नाही. स्वीडिशमध्ये ‘घर पिवळं आहे’ म्हणतानाही ‘गूल्ट’च म्हणावं लागतं, म्हणून तिथेही ‘लीला’चं वेगळेपण उघड दिसतं. डॅनिशमध्ये हाच शब्द मधला ‘ल’ दोनदा घालून लिहितात. तसाच स्वीडिशमध्ये लिहिलास, तर अर्थ होतो ‘छोटी’ किंवा ‘छोटं’. तेवढं सांभाळ.

भाची : कुणी वेगळी वाट काढली का?

मावशी : आइसलँडच्या लोकांनी. त्यांच्या ‘फ्योलुब्लाउर’ या शब्दाच्या शेवटी ‘निळा’साठीचं जुनं घरचं विशेषण आहे. त्यामुळे हा शब्द लिंग, वचन, विभक्ती, सगळ्यांत बिनतक्रार चालतो.

भाची : मग परीक्षेत काय लिहू?

मावशी : ‘आइन लीला क्लाइट’. मैत्रिणीशी बोलताना ‘लीलानेस’ कानावर आलं, तर तिला अडवू नकोस.